काठी कुठे वाकते

काकांनी मोबाइल काउंटरवर आडवा ठेवला. "हे आधी बघ. मग सांग, याला कुठली काठी लागेल."

पडद्यावर एक वयस्क अमेरिकन गृहस्थ बोटीच्या टोकाशी गुडघे टेकून बसला होता. समोर तरंगता लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या फळ्या व पाणी यांच्यात वीतभर फट. नखाएवढं आमिष त्यानं डाव्या हाताच्या चिमटीत धरलं, काठी पाण्यालगत आडवी केली आणि आमिष स्वतःकडे ओढलं. काठी धनुष्यासारखी वाकली. चिमूट सुटली तसं ते आमिष फटीतून सरळ आत, पार मागच्या खांबापर्यंत गेलं. मग तो दोरीवर नजर लावून थांबला. दोरी जराशी बाजूला सरकली, त्यानं मनगट उचललं आणि काळोखातून एक चपटा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा मासा बाहेर आला.

"क्रॅपी म्हणतात याला," काका म्हणाले. "पाव-अर्ध्या किलोचा असतो. लेकाच्या शेजाऱ्यानं गेल्या वर्षी मला नेलं होतं. चाळीस वेळा सोडलं मी, दोनदाच आत गेलं."

काका मूळचे वाईचे. दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी झाली, निवृत्तीनंतर नोएडात राहिले. मुलगा अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला कमिंग नावाच्या गावात. गावाला लागून लेक लॅनियर हा मोठा जलाशय आहे. चॅटाहूची नदीवर १९५०च्या दशकात ब्युफर्ड धरण बांधलं, त्याचं हे पाणी. काठाच्या घरांचे हजारो खासगी धक्के त्यात आहेत, आणि पातळी वर-खाली होत असल्यामुळे ते तरंगते असतात. मार्चमध्ये काका पुन्हा सहा महिन्यांसाठी जाणार होते.

"काठी तिथेही मिळेल काका, आणि निवडायला जास्त मिळतील," मी म्हटलं.

"मिळेल रे. पण हात इथे बसवायचाय. तिथे नातू शेजारी बसणार आहे."

एवढं ऐकल्यावर मी पुढे काही म्हटलं नाही. पण काठी कुठली, हेही मला लगेच सांगता आलं नाही.

जुन्या दिल्लीतल्या एका दुकानात अकरा वर्षं मी मासेमारीचं सामान विकतोय. आमच्याकडे येणारी माणसं तीन तऱ्हांची. चित्तरंजन पार्काकडचे बंगाली दादा रोहू-कातल्याचे. मुरवलेलं पीठ, ब्रेडचा गोळा, पाण्यावर तरंगतं बूच आणि तासन्‌तास बसायची तयारी. त्यांना दहा-बारा फुटी काठी लागते. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातली तरुण मुलं मरळीमागे वेडी असतात. त्यांच्याकडे तिला सौल म्हणतात. जलपर्णीवरून रबराचा बेडूक उड्या मारत आणायचा आणि मरळीनं पानं फोडून झेप घेतली की तिला सगळ्या गुंत्यासकट ओढून काढायची. त्याला सात फुटी कडक काठी आणि विणलेली जाड दोरी हवी. तिसरे उत्तराखंडात महसीरसाठी जाणारे. ते पैसे खर्च करतात, मासा पकडून सोडून देतात आणि सामानाची चौकशी बारकाईनं करतात.

धक्क्याखाली आमिष सोडणारं गिऱ्हाईक मात्र अकरा वर्षांत आलं नव्हतं. येणार तरी कुठून? दिल्लीच्या यमुनेला घाट आहेत, धक्के नाहीत. वझिराबादच्या बंधाऱ्यापासून ओखल्यापर्यंतचे बावीस किलोमीटर नदी शहराचं सांडपाणी वाहते. त्या पट्ट्यातला मासा खाऊ नका, हे मी काठी विकताना प्रत्येकाला सांगतो. ओखल्याला पक्षी अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायला बंदी. बाकी ठिकाणी आधी परवान्याची चौकशी करा, हेही सांगतो. कुणाकुणाला ते नकोसं वाटतं, तरी सांगतो.

पण ती वीतभर फट मला परकी नव्हती. मी मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या सुटतात त्या धक्क्यावर माझं बालपण गेलं. पर्यटक किल्ला बघायचे आणि आम्ही पोरं उपडी पडून फळ्यांखाली बघायचो. बाहेर ऊन नुसतं चकाकत असायचं, आत खांबाखांबांतून गार हिरवा काळोख. खांबांवर कालवं आणि शेवाळ, शेवाळावर कोळंबीची पिल्लं, त्यांच्यामागे बारीक मासळी, आणि सगळ्यात मागे, जिथे नजर पोचत नाही तिथे, तांबोशी. सावलीतल्या माशाला उजेडातलं सगळं दिसतं, उजेडातल्याला सावलीतलं काही दिसत नाही. म्हणून शिकार करणारा मासा आत थांबतो. मालवणात असो की जॉर्जियात, पाणी खारं असो की गोडं, हा हिशेब तोच.

बाबांची काठी चिव्याची होती. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक, भरीव बांबू. बाबा दहा काठ्यांतून एक निवडायचे. टोक बोटावर टेकवून हळूच दाबायचे आणि काठी कुठून वाकते ते बघायचे. मी घाई केली की म्हणायचे, "काठी खंय वाकता, ता आधी बघ. मासो मगे." टोकाशीच वाकणारी काठी ते बाजूला ठेवत, कारण मासा खांबाकडे पळाला की तिच्यात ओढायचं बळ नसतं. मुळापासून लवणारीही नको, कारण ती माशाला नुसती साथ देते. मधल्याच्या जरा वर वाकून पुढे अडणारी काठी त्यांना हवी असायची. खांबावरच्या कालवांची धार दोरी कापते, त्यामुळे मासा लागल्यावर पहिल्या ओढीतच त्याला बाहेर आणावं लागतं. एवढं सगळं ते एका बोटानं तपासत.

दिल्लीत आल्यावर हे मी विसरलो होतो. काठ्यांवर छापलेलं असतं: लांबी, ताकद, किती ग्रॅमचं आमिष, किती पाउंडाची दोरी, कार्बन किती टनी. ते वाचून विकायला मी शिकलो. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी बुलंदशहराकडचा एक मुलगा आला, पहिला पगार खिशात घेऊन. त्याच्या बजेटमध्ये बसेल अशी सर्वांत चांगली काठी त्याला हवी होती. मी सात फुटी मीडियम हेवी दिली. ती खरंच चांगली होती. पंधरा दिवसांनी तो तुटलेलं टोक घेऊन परत आला. भांडायला नव्हे, दुरुस्ती होईल का ते विचारायला. त्याच्या गावचा कालवा एका बुटक्या पुलाखालून जात होता, दोन्ही बाजूंनी झुडपं, आणि मासा पुलाच्या सावलीत. "जगह ही नहीं थी भैया, घुमाता कहां?" तो म्हणाला. काठी मागे नेताना वर पुलाच्या तुळईवर आपटली होती.

जागा त्यानं सांगितली नव्हती, पण मी विचारलीही नव्हती. टोक बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. तरी पहिल्या पगाराची काठी चार इंचांनी आखूड झाली ती झालीच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी किंमत विचारायच्या आधी पाणी विचारतो.

तेच काकांना विचारलं. फट किती? वीतभर, कुठे हातभर. तुम्ही बोटीत उभे की बसलेले? बसलेले, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर. आमिषाचं वजन? त्यांनी चिठ्ठी काढली, त्यावर औंसाचे अपूर्णांक होते. एकाचा हिशेब ०.९ ग्रॅम झाला, दुसऱ्याचा १.८. दोरी? चार पाउंडी. धक्क्याखाली काय आहे? तरंगत्या ड्रमांच्या साखळ्या, आणि लोकांनी माशांसाठी बुडवलेली झाडं.

आता काठीची आकृती डोळ्यांपुढे यायला लागली.

काठी फेकते म्हणजे काय करते? मागे नेताना टोकाच्या वजनानं ती वाकते, सरळ होताना तेच बळ आमिषाला परत देते. वीस ग्रॅमचा बेडूक काठीला स्वतः वाकवतो. एक-दोन ग्रॅमच्या कापसासारख्या आमिषात ते वजनच नसतं. शिवाय काठी डोक्यावरून फिरवली तर आमिष वरून येणार आणि धक्क्याच्या फळ्यांवर पडणार. म्हणून वाकवायचं काम हातानं करावं लागतं, धनुष्याची प्रत्यंचा ओढावी तसं. आणि मग काठीकडून दोन उलट्या गोष्टी हव्या होतात. चिमटीच्या ओढीला ती सहज वाकली पाहिजे, म्हणजे मऊ हवी. पण सुटल्यावर झटक्यानं सरळ झाली पाहिजे आणि मासा साखळीला वेढा घालायच्या आत त्याला खेचता आला पाहिजे, म्हणजे कणा हवा. बाबा चिव्यात शोधायचे ते हेच.

दुकानात धुंडाळून मी चार काठ्या काढल्या. दुपारी गल्लीत वर्दळ कमी असते. मालकांना विचारून दुकानाबाहेरचं तख्त रिकामं केलं. तख्ताखाली दीड वीत जागा, तोच आमचा धक्का. सगळ्यात बारीक गरीचं टोक पकडीनं कापून टाकलं, वर शिशाचा दाणा ठेवला. काका स्टुलावर बसले.

पहिली काठी सगळ्यात महागडी. सात फुटी, जपानी रिंगा, उच्च प्रतीचा कार्बन. काकांचा जीव तिच्यावर जडला होता, हातात पिसासारखी वाटायची. पण स्टुलावर बसून खाली झुकवली की टोक जमिनीला लागे. लांब काठी लांब फेकते हे खरं, पण इथे टोक आणि पाणी यांच्यात वाव नव्हता.

दुसरी पाच फुटी, भरीव काचतंतूची. हवी तेवढी वाकवा, मोडत नाही, आणि सगळ्यात स्वस्त. नातवासाठी हीच बरी असं मला क्षणभर वाटलं. पण ती मुठीपर्यंत लवायची आणि आळसावल्यासारखी सरळ व्हायची. दाणा कमान करून तख्ताच्या फळीवर आदळे.

तिसरी सहा फुटी, अल्ट्रालाइट, टोक फार चपळ. तिचा नेम अचूक होता. दाणा प्रत्येक वेळी फटीतच जाई. पण वाक फक्त वरच्या वीतभरात, त्यामुळे ताकद तेवढीच. अर्ध्या वाटेवर दाणा थांबे. काकांनी जोर काढायला तिला आणखी ओढलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. कार्बन जेवढा कडक तेवढा तो अचानक मोडतो. काठीचं टोक हातात धरून कधीही वाकवू नये. आमिष ओढावं, दोरीतून ओढ पोचू द्यावी, म्हणजे वाक आपोआप पसरतो.

चौथी काठी साडेपाच फुटी, लाइट, साध्या कार्बनची, दोन तुकड्यांची. कोपऱ्यात कधीपासून पडून होती. टोक तळहातावर टेकवून दाबलं, तर ती मधल्याच्या जरा वरून वाकली आणि तिथून पुढे अडली. माझ्या हाताला ती खूण ओळखीची होती. काकांनी आमिष ओढलं, सोडलं. दाणा जमिनीपासून चार बोटांवरून सरळ गेला आणि तख्ताच्या पलीकडच्या पायाला लागून टक्‌ असा आवाज झाला.

काका माझ्याकडे न बघता पुन्हा गुंडाळायला लागले.

दोन तुकड्यांची काठी घेताना जोड कुठे येतो ते पाहावं लागतं. जोडापाशी काठी थोडी ताठ होते. वाक जोडाच्या वर संपत असेल तर अडचण नाही, जोडावरच पडत असेल तर जोड लवकर सैल होतो. हिचा वाक वर होता. शिवाय साडेपाच फुटांचे दोन तुकडे म्हणजे एकेक तेहेतीस इंचांचा. कडक नळीत घालून विमानाच्या मोठ्या सामानात जातो. गऱ्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, हे आठवणीनं सांगितलं. हजाराच्या आकाराचं छोटं रीळ बसवलं, कारण मोठ्या रिळानं तोल मागे जातो आणि दिवसाला दोनशे वेळा सोडायचं तर मनगट बोलायला लागतं. दोरी पिवळीधमक निवडली. क्रॅपी आमिष बुडत असताना अलगद तोंडात घेतो, हाताला काही कळत नाही. दोरी थबकली किंवा सरकली की समजायचं. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ती दिसायला हवी.

ही काठी पहिल्या काठीच्या पाव किमतीत गेली. मालकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते इतकंच म्हणाले, "जो चलेगी वो दे."

काठी निवडल्यावर काम संपत नाही. पुढचे दोन महिने काका दर शनिवारी यायचे आणि आम्ही तख्ताखाली सराव करायचो. चिमटीत आमिष धरताना गरीचं टोक बाहेरच्या बाजूला हवं, नाहीतर सुटताना तेच बोटात घुसतं. रिळाची कडी उघडी, दोरी तर्जनीवर. आधी चिमूट सुटते, तिच्यामागून तर्जनी. तर्जनीनं घाई केली तर वाकलेल्या काठीचं बळ वाया जातं, उशीर केला तर दोरी आमिषाला मागे खेचते. मी सांगून काही उपयोग नव्हता. एका शनिवारी काकांच्या हाताला ते आपसूक कळलं आणि त्या दिवशी सलग अकरा वेळा दाणा मागच्या पायाला लागला. गल्लीतल्या चहावाल्यानंही मोजले होते.

जानेवारीअखेर आम्ही हरियाणाच्या बाजूला एका खासगी तळ्यावर गेलो. मालक पैसे घेऊन गळ टाकू देतो. पाण्यात फळ्यांचा एक मचाण आहे. धुकं उतरायला दहा वाजले. काकांनी खुर्ची काठावर ठेवली, आमिष मचाणाखाली सोडलं. पहिली तीन फळीला लागली. चौथं आत गेलं. दोरी हळूहळू खाली जात होती, जात होती, आणि मग जायची थांबली. मी काही बोललो नाही. काकांनी मनगट उचललं. काठी वरून वाकली, मधे अडली, आणि तळहाताएवढा तिलापिया मचाणाखालून उजेडात आला.

काकांनी तो ओल्या हातात धरला, गरी सोडवली, पाण्यात सोडला. मग बराच वेळ मचाणाखाली बघत बसले. "वाईला घाटाच्या पायऱ्यांखाली असं बघायचो आम्ही," म्हणाले. त्या एका वाक्यात मला कळलं की हे सगळं क्रॅपीसाठी नव्हतं. कुठल्या तरी पायरीखाली, फळीखाली बघायची लहानपणची सवय त्यांना नातवाच्या हाती द्यायची होती.

मार्चमध्ये काका गेले. मी मात्र तशीच आणखी एक काठी मागवून घेतली. मालकांनी विचारलं, कोण घेणार? कुणी घेणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. ती काउंटरमागे माझ्या उजव्या हाताशी उभी असते, किमतीची चिठ्ठी न लावता. नवा मुलगा येतो, महागड्या काठीवर बोट ठेवतो. मी त्याला आधी विचारतो, मासा कुठे उभा असतो? पुलाखाली, जलपर्णीखाली, झाडाच्या मुळांशी, की उघड्यावर? तो सांगतो. मग मी ही साडेपाच फुटी काठी काढतो, टोक त्याच्या तळहातावर टेकवतो आणि दाबायला सांगतो. मग त्याला हवी असलेली काठीही तशीच दाबायला देतो.

"दोन्ही कुठे वाकतात, ते बघ," मी म्हणतो.

तो बघतो. बहुतेकदा त्यानंतर किमतीचा प्रश्न थोडा उशिरा येतो, आणि तेवढ्या वेळात आम्ही त्याच्या पाण्याबद्दल बोलतो.